लालसिंग नायकाची नाडी

१

तीजेच्या, गव्हाचे अंकुर उगवलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन तांड्यातल्या पोरी नाल्याकडं निघाल्या, तेव्हा सर्वांत पुढं लालसिंग नायक होता. नायकाच्या होकाराशिवाय तांड्यात तीज बसत नाही आणि त्याच्याशिवाय विसर्जनालाही निघत नाही. पुलाशी येऊन तो थांबला. ढोलवाल्याला वाटलं, म्हातारा आता फेर धरणार. त्यानं ढोलावर हात उचलला. नायक फेर धरण्याऐवजी खाली बसला आणि घरच्या खाटेवर असल्यासारखा निवांत आडवा झाला. ओठ पांढरे, अंग गार, आणि नाडी सापडायलाच वेळ लागला.

यवतमाळच्या दवाखान्यात नायक वाचला. पण नाडी अडतिसावर बसली होती. डॉक्टरांनी त्याच्या नेहमीच्या दोन गोळ्यांची चिठ्ठी पाहिली नि मान हलवली. "यांनी एवढं होत नाही. तिसरं काहीतरी पोटात गेलंय. घरात पाहा."

घरात पाहा म्हटलं की लोक घर पाहत नाहीत, माणसं पाहतात. चौथ्या दिवशी नायकाचा थोरला मुलगा लखन दारव्ह्याला इंदुताईंच्या मेडिकलच्या काउंटरवर उभा होता, आणि त्यानं गोळ्यांची एक स्ट्रिप काचेवर आपटली होती.

"हे पाहा ताई. पागलपनाची गोळी हाय का नाही? लिहून द्या."

इंदुताईंनी चष्मा नाकावर ओढला. स्ट्रिपच्या पाठीवर लाल स्केचपेननं काढलेला छोटा सूर्य होता. तो त्यांचाच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र, हा त्यांचा जुना रिवाज. वाचता येणाऱ्यांनाही त्या तो काढून देत. वाचणारे वाचतात कुठं?

"कोणाची व्हय?"

"राखीची. आमच्या धाकट्या इंदरच्या बायकोची. बबितानं तिच्या पेटीतून काढली. यवतमाळच्या मेंटलच्या डॉक्टरचं पाकीटबी सापडलं. चार वर्सं झाले लग्नाले, पन कोनाले पत्ता नाही लागू देल्ला. अन् बापूले रोज सकाळी गोळ्या कोन देते? थेच!"

"मंग?"

"मंग काय? इंदर बापूपाशी दवाखान्यात हाय, अन् आज बैठक हाय. तिले महागावले माहेरी धाडून देतो. पोट्टी आमच्या घरची, थे इथंच राहीन. तुमी फक्त लिहून द्या."

दारव्ह्यात कोणाच्या घरात काय शिजतं ते भाजीवाल्याला कळतं आणि काय सलतं ते मेडिकलवाल्याला. इंदुताईंनी तीस वर्षांत पुष्कळ सलणं कागदी पुडीत बांधून दिलं होतं. सावकार रेचक मागायला येतो तेव्हा कसा हळू बोलतो, नवरदेव काय मागून काय घेऊन जातो, सारं त्यांच्या डोक्यात ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडलेलं असे. एका खात्याची गोष्ट दुसऱ्या खात्यावर मात्र त्यांनी कधी चढवली नव्हती.

"दुसऱ्याच्या गोळीची चिठ्ठी माह्या दुकानात भेटत नाही लखनभाऊ. भेटत असती तं तुह्या गोळ्यांचीबी लोकायनं नेली असती."

लखनचे कान लाल झाले. "हे एकच होती का पेटीत?" इंदुताईंनी सहज विचारलं.

"अजून एक होती. पन थे साधी, बीपीची. बबिता म्हने, बीपीची तं बापूबी घेते. थे राहू देल्ली घरीच."

काउंटरवरची गोळी होती एस्सिटालोप्राम. जिवाची घालमेल, उदासी, न येणारी झोप यांच्यासाठी डॉक्टर ती देतात. पण हिच्यासोबत राखी नेत असे ती दुसरी त्यांना चांगली आठवत होती. प्रोप्रानोलॉल. हृदयाचे ठोके हळू करणारी. नायकाच्या पोटात जायला नको, अशी दोनांतली कोणती असेल तर तीच.

लखन चुकीची गोळी धरून आला होता. खरी भीती त्यानं घरीच ठेवली होती.

"बैठक किती वाजता?" त्यांनी राखीची स्ट्रिप पिशवीत टाकली आणि शटरची किल्ली उचलली. "मीबी येतो. जीपमंदी जागा धर."

२

तांड्यात नायकाच्या घरापुढं सतरंज्या पडल्या होत्या. माणसं अजून जमायची होती. ओट्यावर नायकाची बायको बसंतीबाई बसली होती. तिच्या शेजारी भिंतीला टेकून शेजारच्या जमनाबाई, छातीवर हात, तोंडाला घाम.

"तुमाले काय झालं जमनाबाई?"

"काही नाही व माय. नायक पडला तवापासून छातीत नुसतं घोडं धावून राह्यलं. काळजी, अजून काय!"

"शेजारधर्म हाय तिचा," बसंतीबाई म्हणाली. "चार दिवस झाले, जेवलीबी नाही धड."

इंदुताईंनी पाण्याचा पेला घेतला आणि आधी बबिताला गाठलं. बबिता थोरली सून. चुलीची, चाव्यांची आणि बातम्यांची मालकीण.

"राखीची पेटी तू उघडली?"

"डॉक्टरनं सांगतलं ना, घरात पाहा म्हनून."

"अन् तुही पेटी कोनं पाह्यली?"

बबितानं भाकरीचं पीठ उगाच पुन्हा मळायला घेतलं. "माह्या पेटीत काय हाय पाहाले?"

"थेच तं. पाह्यल्याशिवाय कोनाले काय माहीत!" इंदुताई हसल्या. "बरं, नायक अंथरुणावर पडला तं पुढं नायकी कोनाची?"

"आमच्याइची व्हाले पायजे, थोरले हायेत. पन बापू तं इंदरचं नाव घेऊन राह्यले होते." इतकं बोलून बबितानं जीभ चावली. तिनं नवऱ्याच्याच नावावर संशय मांडून ठेवला होता.

लखन दारातच होता. तो उसळला. "ताई, नायकीसाठी मी बापाले मारीन का? त्याच्या गोळ्या मीच तं आनतो. तुमाले माहीत नाही?"

"माहीत हाय. म्हनूनच विचारतो. मागच्या खेपेले तुले खाली हात धाडलं होतं मी."

"हो, थे बीपीची पांढरी नव्हती तुमच्याकडं. म्हटलं होतं, माल यवतमाळहून यायचा हाय. तीजेच्या सकाळी देल्ली तुमी."

"आठ दिवस तं गेलेच मधात. मंग तेवढे दिवस नायकाची थे गोळी चुकली?"

"एकबी दिवस नाही!" ओट्यावरून बसंतीबाईच बोलली. आवाजात अभिमान होता. "दिवस निघाच्या आत वाटीत गोळ्या मी सोता काढून ठेवतो. राखी फक्त चहासंगं नेऊन देते."

इंदुताईंनी मान डोलावली आणि पाणी संपवलं. ही बाई खोटं बोलणारी नव्हती. पण दुकानात जी गोळी नव्हती, ती वाटीत रोज होती. इंदुताईंच्या मनात या दोन रकमा शेजारीशेजारी बसल्या आणि त्यांची बेरीज काही जमेना.

"राखी कुठी हाय?"

बबितानं गोठ्याकडं हात केला.

३

राखी गव्हाणीशी बसली होती. मांडीवर तिची पोर प्रेरणा झोपली होती. इंदुताईंना पाहून तिनं पदर पुढं ओढला, मग पुन्हा मागं सारला. समोरच्या बाईला सगळं ठाऊक असताना झाकायचं काय?

"ताई, तुमीच सांगतलं का त्यायले?"

"मी सांगतलं असतं तं चार वर्सं थांबलो असतो का?" इंदुताई गव्हाणीच्या कठड्यावर टेकल्या. "थे दुसरी स्ट्रिप दाखव. बीपीची म्हनतात थे."

राखीनं कनवटीतून काढून दिली. इंदुताईंनी ती उजेडात धरली आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. स्ट्रिप कोरी होती. एकही फुगा फुटलेला नव्हता.

"हे तं उघडलीबी नाही! काहून?"

राखी प्रेरणाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मोबाईलवर पाह्यलं मी. थ्याच्यात लिहिलं होतं, हार्टची गोळी, बीपीची गोळी. मनाच्या डॉक्टरनं हार्टची गोळी कायले देल्ली? म्हटलं, चुकली असन चिठ्ठी. माहं हार्ट तं चांगलं हाय."

"अन् डॉक्टरले विचारलं नाही?"

"थ्याले कसं म्हनू, तुमी चुकले म्हनून?"

इंदुताईंना हसू आवरेना. "अव माय, गोळीले काय माहीत ते कोनत्या डॉक्टरच्या हातानं आली? तुहे हात थरथरतात, छाती धडधडते, म्हनून देल्ली. हेच गोळी कोनाले बीपीसाठी, कोनाले अर्ध्या डोकेदुखीसाठी. अन् तुही थे पहिली मनाची गोळी. तिच्या भरवशावर कोनाची नाडी अडतिसावर नाही जात."

"मंग मी..."

"तू नाही. पन तू नाही म्हटल्यानं बैठक उठत नाही. कोन, थे सांगा लागते." इंदुताईंनी आवाज खाली आणला. "सासऱ्याले गोळ्या देताना तू पाहत होती ना, काय देऊन राह्यली ते?"

"वाटी झाकून नेतो मी. सासऱ्यासमोर डोळा वर करत नाही, बोलत नाही. थे चहा पेतात, गोळी घेतात, वाटी खाली ठेवतात. मी उचलतो." मग ती थांबली. "पन एक गोष्ट... तीजेच्या आदी वाटीतली एक गोळी वेगळी वाजे. बारीक अन् टणक. पहिलेची थोडी मोठी, मऊ होती. मले वाटलं, कंपनी बदलली असन."

बाहेर ढोलकीसारखा आवाज झाला. कुणीतरी बैठकीला बोलावण्यासाठी पत्र्याचा डबा वाजवत होतं. राखीनं पोरीला छातीशी धरलं.

"ताई, हे माह्याजवळ राहीन ना?"

इंदुताई गोठ्यातून बाहेर पडल्या आणि सरळ नायकाच्या घराकडं न जाता शेजारच्या, जमनाबाईंच्या दारात शिरल्या.

४

बैठकीत सर्वांत वयस्कर किसनराव बोलायला उभे राहिले तेव्हा इंदुताई जमनाबाईंचा हात धरून आल्या. जमनाबाईंना त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत उभ्या राहिल्या. बैठकीनं वाट पाहिली. दारव्ह्याची बाई पाहुणी होती, आणि पाहुणीला कुणी हटकत नाही.

"किसनभाऊ, नायकाची नाडी चाळिसाच्या खाली गेली. जमनाबाईची सव्वाशेच्या वर धावून राह्यली. शेजारी शेजारी दोन घरं. एकाची नाडी उतरते, दुसऱ्याची चढते. मले सांगा, मधात काय इकडचं तिकडं झालं?"

"काळजीनं झालं, म्हटलं ना!" जमनाबाई कुरकुरल्या.

"काळजी राहू द्या. बीपीची गोळी कधीपासून घेता तुमी?"

"घेतो ना मी पाच वर्सापासून. माहा पोरगा यवतमाळहून आनून देते. लहान, पांढरी."

"बसंतीबाई," इंदुताई वळल्या, "आता तुमाले विचारतो. माह्या दुकानात गोळी नव्हती. नायकाची एकबी दिवस चुकली नाही. थे गोळी आली कुठून?"

बसंतीबाई गोंधळली. मग तिला राग आला. "इतक्या मानसात असं विचारतात का? उसनं आनलं होतं. जमनाकडून. तिचीबी बीपीची, यायचीबी बीपीची, दोन्ही पांढऱ्या. चहापत्ती संपली तं वाटीभर नेतो, पीठ संपलं तं पायलीभर नेतो. अन् मी ठेवलं नाही अंगावर! तीजेच्या सकाळी लखननं गोळ्या आनल्या का लगेच नेऊन देल्ल्या, जेवढ्या तेवढ्या. सनाच्या दिवशी उसनं ठेवत नाही आमी."

"मंग सांगतलं काहून नाही कोनाले?" लखननं विचारलं.

"फिटलेलं उसनं कोन सांगते रे?" बसंतीबाई म्हणाली. "सांगतलं तं देनाऱ्याले लाज वाटते, घेनाऱ्यालेबी."

बैठकीतल्या बायकांनी माना हलवल्या. यात कुणाला वावगं दिसलं नाही. त्यांच्यापैकी कुणीही हेच केलं असतं. बहुधा केलंही होतं.

इंदुताईंनी पदराच्या गाठीतून दोन स्ट्रिपा काढल्या. एकीच्या पाठीवर लाल सूर्य होता.

"जमनाबाई माह्याकडून गोळ्या घेत नाहीत. तरी त्याइच्या डब्यात माहा सूर्य कुठून उगवला? हे टेल्मिसार्टन. नायकाच्या बीपीची. अन् हे बिनसूर्याची, संपलेली, एटेनोलॉल, जमनाबाईची. दोन्ही बीपीच्या, खरं हाय. बैल अन् ट्रॅक्टर दोन्ही नांगरतात, म्हनून एकाच्या जागी दुसरा जुंपता येते का?"

"असं कसं?" किसनराव पुढं सरकले.

"टेल्मिसार्टन रक्ताच्या नळ्या सैल करते. नाडीले हात लावत नाही. एटेनोलॉल नाडी हळू करते. नायक दुसरी एक गोळी घेतात, डिल्टियाझेम, छातीसाठी. थेबी नाडी हळूच करते. सोबत टेल्मिसार्टन असली तं चालते. पन त्या आठ दिवसांत तिच्या जागी एटेनोलॉल बसली. एका गाडीले दोन ब्रेक, अन् दोन्ही दाबलेले. रोज थोडी थोडी नाडी बसत गेली. तीजेच्या दिवशी उन्हात चालले अन् तिथंच थांबले."

कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. लखन मान खाली घालून ऐकत होता.

"अन् जमनाबाई?" बबितानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता.

"थ्यायचं उलटं. पाच वर्सं ब्रेक लागून होता. तीजेपासून ब्रेकच्या जागी नायकाची गोळी. एटेनोलॉल एकदम बंद झाली का हृदय सुटलेल्या घोड्यासारखं धावते. थे स्वतःच म्हनून राह्यल्या, घोडं धावते म्हनून. कोनी ऐकलं नाही, कारन सारे राखीच्या पेटीत पाहून राह्यले होते."

जमनाबाईंच्या हाताची पकड घट्ट झाली. इंदुताई खाली वाकल्या. "छातीत दुखते?"

"थोडं. डाव्या हातात."

"लखन! जीप!" इंदुताईंचा आवाज सगळ्या तांड्यानं ऐकला. "ह्या दोन्ही स्ट्रिपा संगं ने, डॉक्टरले दाखव. अन् नायकाच्या डॉक्टरलेबी सांग, घरातली तिसरी गोळी सापडली म्हनून. पागलपनाची नाही, उसनवारीची."

जमनाबाईंना घेऊन जीप सुटली. किसनराव बसले, उठले, पुन्हा बसले. मग ते बैठकीकडं नव्हे, गोठ्याच्या दिशेनं पाहत म्हणाले, "सुनेले म्हना, घरात ये. गोठ्यात मच्छर असतात."

माफी मागायची ही त्यांची तऱ्हा होती. इंदुताईंनी ती राखीच्या खात्यावर जमा केली, पण पुरेशी आहे असं काही त्यांना वाटलं नाही.

"बबिता," लखननं आणलेली स्ट्रिप पिशवीतून काढत त्या म्हणाल्या, "तिची स्ट्रिप पेटीत नेऊन ठेव. जशी काढली तशीच. सगळ्यायले दाखवाले काढली, तं ठेवतानाबी सगळ्यायनं पाह्यलं पायजे."

बबितानं ठेवली. चालताना तिनं कुणाकडंही पाहिलं नाही.

५

जमनाबाई दोन दिवसांनी परतल्या, आपल्या जुन्या गोळीसह. नायक आठवड्यानं आला. दवाखान्यातून आलेला माणूस थोडा लहान दिसतो तसा दिसत होता, पण नाडी सत्तरीत आली होती. येता येता त्यानं जीप इंदुताईंच्या दुकानापाशी थांबवली आणि आतूनच विचारलं, "ताई, आता चहापत्ती तरी उसनी द्यावी का नाही?"

"चहापत्ती द्या, पीठ द्या, बैलजोडी द्या. गोळी नका देऊ. गोळी ज्याच्या नावाची त्याचीच. संपली तं मले सांगा, माल नसला तं मी दुसऱ्या दुकानातून आनून देईन. अन् हो, दोन दिवस गोळी चुकली तं डॉक्टरले फोन करायचा, शेजारनीकडं जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी इंदुताई स्वतः तांड्यावर गेल्या. कारण सांगायला त्यांनी दोन औषधांच्या पुड्या घेतल्या होत्या. खरं कारण वेगळं होतं. त्यांना पाहायचं होतं की राखी आहे का नाही.

राखी होती. नायक ओट्यावर बसला होता आणि ती नेहमीसारखी चहा आणि झाकलेली वाटी घेऊन आली, पदर कपाळावर, नजर खाली. वाटी ठेवून ती मागं सरली.

नायकानं वाटीचं झाकण काढलं नाही.

"राखी," तो म्हणाला. सुनेला त्यानं नावानं कधी हाक मारली नव्हती. "ह्या गोळ्या कायच्या हायेत, सांग मले."

राखी उभीच राहिली. बसंतीबाई दारात थबकली. सासऱ्यासमोर सून बोलत नाही, ही या घराची जुनी रीत. त्या रीतीमुळंच आठ दिवस एक चुकीची गोळी बिनबोभाट वाटीतून गेली होती.

"सांग ना. मी विचारून राह्यलो. बिनसांगता मी नाही घेत आता."

राखीनं वाटी उचलून झाकण काढलं. "हे, सूर्याच्या स्ट्रिपमधली, टेल्मिसार्टन. बीपीची." तिनं दुसरी गोळी बोटानं पुढं सरकवली. "हे डिल्टियाझेम. छातीची. नाडी हळू करते म्हनून हिच्यासंगं नाडी हळू करनारी दुसरी घ्यायची नाही."

नायकानं एकेक गोळी तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला.

"अन् तुही कोनती?"

इंदुताईंनी दुसरीकडं, बैलाकडं पाहिलं.

"मनाची," राखी म्हणाली.

"घेतली आज?"

"नाही अजून."

नायकानं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. "मंग घे ना. पानी हाय इथंच."